दहा हजारांत एकच अणू परका असला, तरी स्फटिकाची उष्माधारकता एवढी कशी बदलते?

आपला प्रश्न असा आहे की, दहा हजार अणूंमागे एकच अशुद्ध अणू असेल, तर अतिशीत तापमानाला उष्माधारकतेतील, म्हणजे तापमान एक अंशाने वाढवायला लागणाऱ्या उष्णतेतील, फरकही नगण्यच असायला हवा. मग मोजमापांत तो ठळक का दिसतो? पुण्यात पदव्युत्तर वर्गांना शिकवताना हीच शंका मी अनेकदा ऐकली आहे.

आपला हिशेब नेहमीच्या तापमानाला बरोबरच आहे. पाषाणला जानेवारीच्या पहाटे पारा ९ अंशांवर उतरला की आपण कुडकुडतो, पण ते झाले २८२ केल्विन. उदाहरणादाखल घेतलेल्या पोटॅशियम क्लोराइडच्या स्फटिकाचे डिबाय तापमान, म्हणजे ज्याच्या आसपास अणूंची बहुतेक सर्व कंपने जागी होतात ते तापमान, सुमारे २३५ केल्विन असल्यामुळे या ‘थंडीत’ही त्याची बहुतेक सर्व कंपने जागी असतात आणि परक्या अणूचा वाटा त्यांच्या गर्दीत हरवतो. १ केल्विनखाली मात्र केवळ लांब तरंगलांबीची कंपने उरतात, जालकाची (स्फटिकातील अणूंच्या नियमित मांडणीची) उष्माधारकता तापमानाच्या घनाच्या प्रमाणात घसरून अर्ध्या केल्विनला मोलमागे जेमतेम ०.०४ मिलिज्यूल प्रति केल्विन राहते, आणि रिकाम्या सभागृहात एकट्याचे खाकरणेही ऐकू यावे तसे होते.

अर्थात प्रत्येक अशुद्धी खाकरत नाही. हलका, घट्ट बांधलेला अणू उच्च वारंवारतेने कंप पावतो, म्हणून तो येथे गप्पच असतो. जड किंवा सैल बांधलेल्या अणूचे कंपन कमी वारंवारतेचे असते. त्यामुळे काही केल्विनपासून पुढे उष्माधारकतेच्या आलेखाला फुगवटा येतो.

सर्वांत बोलके उदाहरण लिथियमचे. पोटॅशियमच्या जागी बसलेला लिथियम आयन इतका लहान असतो की तो मध्यभागी न राहता घनाच्या आठ कोपऱ्यांपैकी एका दिशेला सरकतो आणि पुंजयांत्रिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) नियमांनुसार अडथळ्यातून पार होत या आठ जागांमध्ये फिरतो. त्यातून, ऊर्जा तापमानाच्या मापात मोजली तर, साधारण १ केल्विनच्या अंतरावर ऊर्जापातळ्या तयार होतात, आणि अर्ध्या केल्विनच्या आसपास शॉट्की प्रकारचे, म्हणजे खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जाण्यात उष्णता खर्ची पडल्याने येणारे, शिखर उभे राहते. दहा हजारांत एक या प्रमाणाला त्याची उंची साधारण १ मिलिज्यूल भरते, म्हणजे जालकाच्या वाट्याच्या जवळजवळ तीसपट!

ही हालचाल खरोखर लिथियमचीच आहे, हे समस्थानिक बदलून तपासता येते. लिथियम-७ ऐवजी हलका लिथियम-६ घातल्यास त्याचे पार होणे सोपे होते, पातळ्यांमधील अंतर वाढते आणि शिखर वरच्या तापमानाकडे सरकते. लिथियमचे प्रमाण फार वाढवल्यास मात्र शेजारचे आयन एकमेकांच्या हालचालीवर परिणाम करू लागतात आणि हेच शिखर पसरट होते.