६८ वर्षांच्या आईचं दंडाचं हाड खांद्याजवळ मोडलंय. एक डॉक्टर ‘प्लेट टाका’ म्हणतात, दुसरे ‘झोळीत ठेवा, जुळेल’ म्हणतात. कुणाचं ऐकावं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सर्जन नाही, हे आधीच सांगते. ऑपरेशन मी करत नाही. पण ऑपरेशन झालेले आणि न झालेले, दोन्ही खांदे महिना-दोन महिन्यांनी माझ्याच टेबलावर येतात. १७ वर्षं ते हात उचलायला लावतेय, त्यातून जे दिसलं ते सांगते. तुमच्या आईंचे एक्स-रे मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे ‘हे करा’ असं सांगणार नाही. दोन्ही डॉक्टरांना काय विचारायचं ते मात्र नक्की सांगते.

तुम्ही लिहिलंय की आई घरात चालताना पडल्या, हाड ‘खांद्याच्या खाली तीन तुकड्यांत’ आहे, बोटं हलतात, जखम नाही. यातला ‘खांद्याच्या खाली’ हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. दंडाचं हाड एकच, ह्युमरस. पण ते वर, खांद्याच्या सांध्यात बसणाऱ्या गोल टोकाजवळ म्हणजे गोळ्याजवळ मोडलं, मधल्या दांड्यात मोडलं की खाली कोपराजवळ मोडलं, यावर सगळा हिशेब बदलतो. नातेवाइकांपैकी कुणीतरी नक्की सांगेल, ‘अमक्याचाही हात मोडला होता, त्याने प्लेट टाकली, आता मस्त आहे.’ त्या अमक्याचं हाड कुठे मोडलं होतं ते आधी विचारा. आणि त्याचं वय.

वरच्या टोकाचं बोलू, कारण तुमचा प्रश्न तिथलाच आहे.

तिथलं हाड आतून स्पंजासारखं जाळीदार असतं, रक्तपुरवठा चांगला. त्यामुळे ते सहसा जुळतं. वाकडं जुळेल, पण जुळेल. आणि वाकडं जुळलेलं खांद्याला बऱ्यापैकी चालतं, जसं गुडघ्याला किंवा घोट्याला चालणार नाही. खांद्यावर चालताना अंगाचा भार येत नाही. गोळा ज्यात बसतो ती खोबण उथळ असते, आणि गोळा जिथे कमी पडतो तिथे मागचं फऱ्याचं हाड सरकून थोडी भरपाई करतं. म्हणून एक्स-रे पाहून पोटात गोळा यावा आणि सहा महिन्यांनी तीच बाई वरच्या फळीवरचा डबा काढताना दिसावी, हे माझ्यासाठी नवीन नाही. सुरुवातीला मी स्वतः एक्स-रे बघून मनात निकाल लावून टाकायचे. आता रुग्णाचा हात बघेपर्यंत फिल्म पाकिटातच ठेवते.

हे फक्त माझं मत असतं तर इतक्या जोरात सांगितलं नसतं. ब्रिटनमध्ये ‘प्रोफर’ नावाची चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ३२ रुग्णालयं, २५० रुग्ण, सगळ्यांची हाडं सरकलेली. निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांच्या गळ्यात झोळी, आणि दोन्हीकडे फिजिओथेरपी. दोन वर्षं त्यांना विचारत राहिले: दुखतं का, कपडे घालता येतात का, केस विंचरता येतात का. ४८ पैकी गुण द्यायचे. ऑपरेशनवाल्यांना सरासरी ३९, झोळीवाल्यांना ३८. म्हणजे फरक नाहीच म्हणा. पाच वर्षांनीही चित्र तेच राहिलं.

यावर सर्जन मंडळींचा एक आक्षेप आहे, आणि तो रास्त आहे. ज्यांना ऑपरेशन लागणारच असं डॉक्टरांना स्पष्ट दिसत होतं, त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. तेव्हा ‘ऑपरेशन कधीच नको’ असा तिचा अर्थ कुणी सांगितला तर तोही खोटाच. अर्थ एवढाच की जिथे अनुभवी सर्जनलाही ‘हे करू की ते’ असा प्रश्न पडतो, तिथे सुरी लावून सरासरी माणसाच्या पदरात जास्त काही पडत नाही. आणि तुमच्याकडे दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत. म्हणजे तुम्ही बहुधा याच मधल्या पट्ट्यात आहात.

मग पहिले डॉक्टर प्लेट का म्हणतात? त्यांचा हेतू वाईट आहे असं लगेच धरू नका. तुकडे जागच्या जागी बसवले तर खांदा लवकर हलवता येईल, हा विचार तर्काला धरूनच आहे. तरुण माणसाच्या घट्ट हाडात तो पुष्कळदा खराही ठरतो. अडचण आहे ती ठिसूळ हाडात. म्हातारपणी गोळा आतून पोकळ होत जातो, अंड्याच्या कवचासारखा. स्क्रू पकडणार कशाला? गोळा हळूहळू खाली बसतो, स्क्रू मात्र तेवढेच लांब राहतात, आणि टोकं सांध्यात बाहेर येतात. अशा एक काकू माझ्याकडे होत्या. दोन महिने मी त्यांना ‘थोडं दुखणारच, करत राहा’ म्हणत होते आणि स्क्रूचं टोक आतली खोबण खरवडत होतं. ते लक्षात यायला उशीर झाला, त्याची बोच अजून आहे. तेव्हापासून प्लेटवाल्या रुग्णाचं दुखणं कमी होण्याऐवजी वाढायला लागलं, की व्यायाम थांबवून आधी एक्स-रे काढायला पाठवते.

गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटून तो सुकत जाणं हाही एक धोका आहे. तो मुळात मोडण्यामुळे असतो, ऑपरेशन न करताही येऊ शकतो.

आता तुम्ही विचारायचे प्रश्न. गोळा खोबणीतून निखळलाय का? गोळ्याचेच दोन तुकडे झालेत का? या दोनपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि सर्जनचं ऐका. तसंच हाड कातडी फाडून बाहेर आलं असेल, हाताचा रक्तपुरवठा अडला असेल किंवा हाडात गाठ (ट्यूमर) आहे तिथेच ते मोडलं असेल तर. साध्या एक्स-रेवरून हे कळत नसेल तर सीटी स्कॅन काढतात, तो मागायला संकोच करू नका. मग विचारा, तुकडे किती सरकलेत. ‘तीन तुकडे’ या शब्दाला घाबरायचं कारण नाही. १९७० मध्ये नीअर या अमेरिकन सर्जननी केलेली वर्गवारी अजून वापरात आहे. तिच्यात तुकडा १ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला किंवा ४५ अंशांपेक्षा जास्त कलला, तरच तो वेगळा ‘भाग’ धरतात. त्यामुळे फिल्मवर चार भेगा दिसत असल्या तरी हिशेबात ते हाड ‘न सरकलेलं’ असू शकतं. एक अपवाद लक्षात ठेवा: गोळ्याच्या बाहेरच्या बाजूचा उंचवटा, जिथे हात वर उचलणारे स्नायू चिकटतात. तो वर-मागे सरकला असेल तर अर्धा सेंटिमीटरही नडतो, हात उचलताना वरच्या हाडाला अडतो.

आणि हे जरूर विचारा: ‘आठवडाभर थांबून पुन्हा एक्स-रे काढला तर काही बिघडेल का?’ वर सांगितलेली तातडीची कारणं नसतील तर सहसा बिघडत नाही. ऑपरेशन करायचंच ठरलं तर पहिल्या दोनेक आठवड्यांत सोपं जातं; त्यानंतर तुकडे चिकटायला लागतात, पण त्याआधी घाई कशाला? थांबल्यामुळे एक गोष्ट कळते, हाड आहे तिथे राहतंय की आणखी सरकतंय.

एखादे डॉक्टर ‘प्लेट नको, सांधाच बदलू’ असंही म्हणतील. रिव्हर्स शोल्डर म्हणतात त्याला. गोळ्याच्या जागी खोबण आणि खोबणीच्या जागी गोळा बसवतात. नॉर्वेत ६५ ते ८५ वयाच्या, हाड बरंच सरकलेल्या रुग्णांत याची प्लेटशी तुलना झाली. २०२० मध्ये निकाल आला, दोन वर्षांनी सांधा बदललेल्यांचं प्लेटवाल्यांपेक्षा स्पष्ट बरं होतं. पण ती दोन ऑपरेशनांची आपसातली तुलना होती, झोळीशी नव्हे. तेवढा फरक बोलताना मनात ठेवा.

हाडाच्या मधल्या भागाचं थोडक्यात सांगते, कारण हे उत्तर वाचणाऱ्यांत तसेही कुणी असतील. तिथे पहिले काही दिवस प्लास्टरची पट्टी आणि मग दंडाभोवती घट्ट आवळायचा प्लास्टिकचा ब्रेस देतात. सार्मिएंतो या हाडांच्या सर्जननी तो १९७७ मध्ये रूढ केला. हाताचं स्वतःचं वजन हाडाला सरळ ओढतं आणि आवळलेले स्नायू त्याला चहूबाजूंनी धरून ठेवतात. म्हणून अशा रुग्णाने कोपर उचलून उशीवर टेकवायचं नाही, ते लोंबतं ठेवायचं. घरचे मायेपोटी नेमकं उलट करतात. सूज उतरली की ब्रेस सैल होतो, तो रोज आवळायचा. ३० अंशांपर्यंतचा बाक आणि ३ सेंटिमीटरपर्यंत आखूड झालेलं हाडही वापरताना फारसं जाणवत नाही. जाडजूड दंडात तर दिसतही नाही.

पण इथे ‘ऑपरेशन नको’ म्हणणाऱ्यांची बाजू तितकी भक्कम नाही. सार्मिएंतोंच्या २०००च्या लेखात जखम नसलेली हाडं न जुळण्याचं प्रमाण २ टक्क्यांहून कमी होतं. मात्र ९२२ पैकी ६२० रुग्णांचाच पाठपुरावा झाला होता. २०२०च्या फिनलंडमधल्या चाचणीत ८२ रुग्ण होते. वर्षाअखेरीस प्लेट आणि ब्रेस या दोन गटांत फरक दिसला नाही खरा, पण ब्रेसवाल्यांपैकी ३० टक्क्यांना वर्षाच्या आत ऑपरेशन करावंच लागलं. आणि दोन वर्षांनी पाहिलं तर असं उशिरा ऑपरेशन झालेले बाकीच्यांच्या मागेच राहिले होते. माझ्याकडच्या एका ३४ वर्षांच्या माणसाने पाच महिने ब्रेस आवळला, बसून झोपला, आणि शेवटी प्लेट टाकली. ‘आधीच टाकली असती तर’ हे त्याचं वाक्य मला खोडता आलं नाही. म्हणून मधलं हाड मोडलेल्या, कामाची घाई असलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी प्लेट निवडली तर मी नाक मुरडत नाही.

तिथल्या हाडाला लगटून एक नस (रक्ताची नव्हे, मज्जातंतूची) जाते, रेडियल. नऊ-दहा जणांतल्या एकाला मोडतानाच तिला धक्का बसतो आणि मनगट लटकं पडतं. बघायला भयंकर, पण बहुतेकांची नस काही महिन्यांत आपोआप शुद्धीवर येते. तोवर मनगटाला पट्टी आणि बोटांचे व्यायाम.

परत तुमच्या आईंकडे. समजा, झोळी ठरली. मग खरी लढाई आखडण्याशी आहे, आणि ती हरतात ती बहुतेक प्रेमामुळे. ‘हाड जुळू दे, मग हलवू’ म्हणत सहा-आठ आठवडे झोळी काढायचीच नाही, असे खांदे माझ्याकडे येतात तेव्हा ते गंजलेल्या बिजागरीसारखे असतात. हाड सुंदर जुळलेलं आणि हात छातीच्या वर जात नाही. बोटं, मनगट, कोपर पहिल्या दिवसापासून हलवायचं. डॉक्टरांनी हाड स्थिर आहे असं सांगितलं की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच पुढे वाकून हात सोंडेसारखा लोंबता ठेवून हलके झोके द्यायचे. मग चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला उचलायचं, आणि साधारण सहा आठवड्यांनी तो स्वतःच्या जोरावर. वजन उचलणं आणखी पुढे. सुधारणा वर्षभर चालते; तिसऱ्या महिन्यात निकाल जाहीर करू नका.

पहिले तीन आठवडे रात्री वाईट जातात. आडवं झोपलं की तुकडे कुरकुरतात. पाठीला उशा लावून अर्धवट बसतं झोपवा आणि कोपराखाली छोटी उशी द्या (वरच्या टोकाच्या मोडीत ही उशी चालते, मधल्या मोडीत नाही, वर सांगितलंच). आणि पाच-सहा दिवसांनी दंड कोपरापर्यंत काळानिळा होईल, कधी छातीही. घाबरून रात्री धावत जाऊ नका. वरचं रक्त खाली उतरतं, एवढंच. बोटं गार पडली, बधिर झाली किंवा हलेनाशी झाली तर मात्र त्याच क्षणी निघा.

आणखी एक, जे दोन्ही डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर मला राग येईल. उभ्या उंचीवरून पडून ६८व्या वर्षी हाड मोडणं म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याची खूण. दंड बरा होईल, पण पुढची पाळी खुब्याची असू शकते. त्यामुळे डेक्सा नावाची हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्या, ड जीवनसत्त्व तपासा, आणि औषध लागत असेल तर सुरू करा. शिवाय आई पडल्या कशामुळे, तेही विचारा: चक्कर, कमी दिसणं, रक्तदाबाची गोळी, की नुसती दुमडलेली सतरंजी. सतरंजी असेल तर आजच उचला.