स्पिरिटची बाटली आधी कपाटात ठेवा

ताई, सासूबाई पॅरालिसिसनं चार महिने अंथरुणाला खिळल्यात, माकडहाडावर लाल चट्टा उठलाय आणि ब्युरोच्या मावशी तो रोज स्पिरिट-पावडर लावून खसाखसा चोळतात, हे बरोबर का, असं तुम्ही विचारलंय. नाही. आजपासून बंद. मावशींवर रागावू मात्र नका. आम्हालाही नर्सिंगला हेच शिकवलेलं. वॉर्डात मी स्वतः कित्येक पाठी अशा चोळल्यात. स्पिरिटनं कातडी कोरडी पडते. आणि चट्ट्याखालच्या मांसाला दाबामुळं आधीच रक्त पोचत नसतं, ते चोळल्यानं आतून आणखी दुखावतं.

चट्ट्यावर बोट दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला, तर अजून हातात आहे. लालच राहिला, तर बेडसोरची, म्हणजे दाबानं होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजा आणि डॉक्टरांना दाखवा. सावळ्या अंगावर लाली पटकन दिसत नाही. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, घट्ट किंवा लिबलिबीत लागते का, ते हातानं बघा.

खरं औषध म्हणजे तिथला भार काढणं. दर 2 तासांनी कूस बदला, पण पूर्ण कुशीवर नको, खुब्याचं हाड रुततं. पाठीला उशी देऊन 30 अंशांपर्यंत कलतं ठेवा. पोटऱ्यांखाली उशी घाला, टाचा अधांतरी राहू देत. वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, खालची आडवी चादर दोघींनी धरून उचलायचं. एअर बेड जरूर घ्या, पण तो आला की घरातले निर्धास्त होतात आणि रात्रीची कूस राहून जाते. बुडाखाली ठेवायची रबरी रिंग नकोच.

अंग कोमट पाण्यानं पुसा, साबण जेमतेम, पाण्यात अँटिसेप्टिक नको. टिपून घ्या आणि ओलसर असतानाच व्हॅसलीन लावा. डायपरच्या जागी झिंक ऑक्साइडचं मलम. आपल्याकडच्या पावसात चादरी आंबट ओल्याच राहतात. त्या इस्त्री करूनच घाला आणि जांघा, छातीखालच्या घड्या रोज उघडून कोरड्या करा.

खाण्यात प्रोटीन हवं. नुसत्या अळण्यानं, म्हणजे मटणाच्या बिनतिखट पाण्यानं, भागत नाही, त्यातलं मटण मऊ शिजवून कुस्करून द्या. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारून. गिळताना ठसका लागतो का? आणि शुगर आहे का? हे दोन्ही तुम्ही लिहिलं नाहीत. उद्या सकाळी बोट दाबून काय दिसलं, त्यासोबत तेही कळवा.