पाच तासांत भागतं, असं मलाही वाटायचं

तुम्ही विचारलंय की रोज पाच तास झोपून काही त्रास होत नाही, मग सात-आठ तास झोपून वेगळा काय फायदा? 'काही त्रास होत नाही' हे मीही तीन वर्षं म्हणत होतो, म्हणून लिहितोय.

मी चाकणला सीएनसी मशीनवर (संगणकाच्या आकड्यांवर धातू कापणारं मशीन) असतो. सेकंड शिफ्ट सुटून घरी यायला साडेबारा. मग जेवण, मोबाइल, दोनला आडवा. मुलीच्या शाळेसाठी सातच्या आत उठायचं. एका रात्री टूल ऑफसेटमध्ये (कापणारं हत्यार किती सरकवायचं तो आकडा) ०.०५ च्या जागी ०.५ टाकलं आणि पहिला पीस मोजलाच नाही. बावीस जॉब भंगारात. सुपरवायझर म्हणाले, "झोपला होतास का?" मला रागच आला, कारण मी टक्क जागा होतो!

पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ मधल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. ४८ निरोगी माणसं होती. त्यातल्या काहींना सलग १४ दिवस सहाच तास झोपू दिलं, काहींना चारच. शेवटी शेवटी या लोकांचं लक्ष एक-दोन रात्री डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाइतकं घसरलं होतं. गंमत म्हणजे त्यांना विचारलं तर थोडीशीच पेंग येते म्हणायचे. आमच्या भाषेत सांगायचं तर झीरो एरर असलेल्या, म्हणजे शून्यच चुकीचं दाखवणाऱ्या मायक्रोमीटरने (बारीक मापं घ्यायचं साधन) माप घेतल्यासारखं झालं. तुमचं 'ताजंतवानं वाटतं' हेही त्याच मायक्रोमीटरवरचं रीडिंग असू शकतं.

शरीराचं म्हणाल तर मला साखरेची गोष्ट लागली, वडिलांना डायबेटिस आहे ना. शिकागोत ११ तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तर रक्तातली साखर उतरायला, पुढे भरपूर झोपू दिल्यावर लागला त्यापेक्षा बराच जास्त वेळ लागला. हे १९९९ मधलं. धडधाकट पोरं, फक्त सहा रात्री. शिवाय गाढ झोपेत रक्तदाब एरवीपेक्षा खाली येतो, हृदयाला तेवढीच उसंत. सर्दी-पडसंही कमी झोपणाऱ्याला लवकर धरतं.

मी काय केलं? मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला. कँटीनचा साडेनऊचा चहा बंद, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात मुलीला शाळेत बायको सोडते, बदल्यात दुपारची भांडी माझ्याकडे (सौदा महागात पडला). आता सात तास होतात. महिन्याभरात घरातली माझी चिडचिड कमी झाली, हे मला बायकोने सांगितलं. मला कळलं नव्हतं.

तुम्ही एक करून बघा. सुट्टीच्या आदल्या रात्री अलार्म न लावता नेहमीच्या वेळी झोपा. पाच तासांनी आपणहून जाग आली तर ठीक. नऊ वाजले तर हिशेब तुम्हीच मांडा. आणि आठ तास झोपूनही पेंग येत असेल, घरचे जोरात घोरता म्हणत असतील, तर आधी डॉक्टरांकडे जा. ते प्रकरण वेगळं असतं.