वार्बुर्गच्या वाटेने जायचं तर लंडन की हॅम्बुर्ग?

तुम्ही विचारलंय की इतिहासात एम.ए. झालंय, संस्कृत वाचता येतं, पुढे कल्चरल स्टडीजकडे वळायचंय आणि जर्मन कलेतिहासकार आबी वार्बुर्गच्या परंपरेत शिकायची इच्छा आहे, तर लंडनला जावं की हॅम्बुर्गला? शिवाय शंभर वर्षांपूर्वीच्या कलेतिहासाचा आज उपयोग काय, ही शंकाही आहे. मी हॅम्बुर्गमध्ये कलेतिहास शिकले आणि इथेच राहिले, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी शंकेबद्दल. १९१२ साली रोमच्या परिषदेत वार्बुर्गने फेर्रारातल्या स्किफानोया महालाच्या भित्तिचित्रांवर व्याख्यान दिलं. मार्च महिन्याच्या चित्रात मेष राशीपाशी एक काळसर माणूस उभा आहे. कपडे पांढरे, फाटके, कमरेला दोरी. वार्बुर्गने त्याचा माग नवव्या शतकातल्या अबू माशर या ज्योतिष्याच्या अरबी ग्रंथात काढला आणि तिथून थेट वराहमिहिराच्या बृहज्जातकात. द्रेष्काणांची, म्हणजे प्रत्येक राशीच्या तीन भागांची, वर्णनं काढून पाहा: मेषेच्या पहिल्या द्रेष्काणात कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेला, काळा, लाल डोळ्यांचा, परशू उगारलेला पुरुष आहे. वार्बुर्गच्या मते त्याच्याही मागे ग्रीक पुराणातला वीर पर्सियस होता. एका आकृतीने ग्रीक, भारतीय, अरबी आणि इटालियन असे चार मुलुख पाहिले, आणि प्रत्येक ठिकाणी लोकांनी आपापली भीती नि श्रद्धा तिच्यात ओतली. चित्र सुंदर आहे का, कुणाच्या शैलीतलं आहे, एवढंच विचारणाऱ्या अभ्यासाला हे सापडलंच नसतं. ज्योतिष, भाषांतर, विधी, जाहिराती, टपाल तिकिटं, सगळं एकाच टेबलावर घेण्याची मुभा वार्बुर्गने दिली. त्याच्या शेवटच्या चित्रसंग्रहाचे ६३ फलक आजही विद्यार्थ्यांना भारून टाकतात.

वार्बुर्गचा पुढचा वारसा आडवळणाने पोचतो. १९६७ मध्ये फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यूने वार्बुर्गच्या वर्तुळातल्या कलेतिहासकार पॅनॉफ्स्कीच्या गॉथिक वास्तुकलेवरच्या पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर केलं आणि त्याला जोडलेल्या दीर्घ लेखात ‘हॅबिटस’ (वाढताना अंगात मुरलेल्या सवयी नि कल) ही आपली कल्पना मांडली. आज समाजशास्त्राच्या प्रत्येक वर्गात ती शिकवतात, पण ती कलेतिहासाच्या अंगणात वाढली हे फार थोडे सांगतात. कलेतिहासकार मायकल बॅक्सँडलचा ‘काळाची नजर’ (त्या त्या काळातले लोक चित्राकडे कसे पाहत) हा विचार क्लिफर्ड गीर्ट्झने मानवशास्त्रात नेला. मात्र १९६४ मध्ये सुरू झालेलं बर्मिंगहॅमचं कल्चरल स्टडीजचं केंद्र वार्बुर्गच्या खात्यावर टाकू नका. ते साहित्य आणि कामगारवर्गाच्या प्रश्नांतून उभं राहिलं. अर्जात हा फरक नीट मांडलात तर वाचणाऱ्याला तुमची तयारी लगेच कळेल.

आता गावांचं. हॅम्बुर्गच्या हाइलविगश्ट्रासेवर १९२६ मध्ये उघडलेली वार्बुर्गच्या ग्रंथालयाची इमारत आहे, दारावर ‘म्नेमोसिने’ (ग्रीकमध्ये ‘स्मृती’) कोरलेलं आहे, लंबवर्तुळाकार वाचनगृह आहे, व्याख्यानं होतात. पण मूळ ग्रंथसंग्रह इथे नाही. १९३३ च्या डिसेंबरमध्ये नाझींपासून वाचवण्यासाठी तो जहाजांनी लंडनला गेला. फ्रिट्झ साक्सल आणि गर्ट्रूड बिंग या वार्बुर्गच्या सहकाऱ्यांनी तो सांभाळला आणि १९४४ मध्ये तो लंडन विद्यापीठात सामील झाला. तिथल्या वोबर्न स्क्वेअरमधल्या वार्बुर्ग इन्स्टिट्यूटमध्ये प्रतिमा, शब्द, दिशाबोध आणि कृती अशा चार भागांत पुस्तकं लावलेली आहेत, आणि तुम्ही स्वतः कपाटापाशी जाऊ शकता. हवं ते पुस्तक घ्यायला जावं आणि शेजारच्याने विषयच बदलावा, हीच तिथली खरी शिकवण.

खर्चात मोठी तफावत आहे. लंडनचं एम.ए. वर्षभराचं, पण फी परदेशी दराने, आणि व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार. हॅम्बुर्गच्या सरकारी विद्यापीठात शिक्षणशुल्क नाही, फक्त सेमेस्टरची वर्गणी. त्याऐवजी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, आधी ए.पी.एस. प्रमाणपत्र (भारतीय पदव्यांच्या पडताळणीचं) काढावं लागतं, आणि शिकवणं जर्मनमध्ये, म्हणजे भाषा सी१ या प्रगत पातळीपर्यंत हवी.

तुमच्यासारखं संस्कृत हाताशी असेल तर मी लंडन सुचवेन, पण शिष्यवृत्ती मिळाली तरच. एका वर्षासाठी घर गहाण टाकू नका. ती नाही मिळाली तर जर्मन शिका आणि इकडे या; वार्बुर्गचं लिखाण मुळात जर्मनमध्येच आहे, त्यामुळे ती मेहनत वाया जात नाही. दोन्हीकडे अर्ज करताना हेतुपत्रात मोठमोठे सिद्धांत लिहू नका. एक प्रतिमा घ्या, ती कुठून कुठे गेली ते दोन भाषांतल्या मूळ ग्रंथांवरून दाखवा, आणि संस्कृतचा उतारा स्वतः केलेल्या भाषांतरासह जोडा.