आईंच्या संगणकाची मांडणी: सुरुवात अर्थिंगपासून

आपल्या आईंना संगणकासमोर बसल्यावर डोके जड होते आणि त्वचेला चुणचुण जाणवते, आणि हे विद्युतचुंबकीय क्षेत्रामुळे (विजेची उपकरणे व वाय-फाय यांभोवतीच्या अदृश्य क्षेत्रामुळे) होत असावे, असे आपण लिहिले आहे. हा त्रास खरा आहे. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच स्पष्ट केले आहे की, अशा लक्षणांचा विद्युतचुंबकीय क्षेत्राशी कार्यकारण संबंध सिद्ध झालेला नाही. म्हणून डॉक्टरांची तपासणी टाळू नका.

सर्वप्रथम अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत सोडणारी जोडणी) तपासून घ्या. नागपुरातील महालसारख्या जुन्या वस्तीतील घरांत तीन पिनांचे सॉकेट असूनही मागे अर्थिंगची तार जोडलेली नसू शकते, आणि मग चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या धातूच्या आवरणावर हात ठेवल्यास सूक्ष्म गळती प्रवाहामुळे खरोखरच झिणझिण्या येतात. परवानाधारक वायरमनकडून हे काम करून घ्यावे. माझ्या अनुभवात यानेच सर्वाधिक फरक पडला.

त्यानंतर, तरीही आजूबाजूचे क्षेत्र कमी करायचे असेल तर वाय-फाय व ब्लूटूथ बंद करून राउटरपासून साधी लॅन केबल (इंटरनेटची तार) आणा, जी १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते. राउटरचेही वाय-फाय बंद करायला विसरू नका. कीबोर्ड आणि माउस तारेचेच घ्या. सीताबर्डीत ते सहज मिळतात. अंतर वाढले की क्षेत्र झपाट्याने क्षीण होते, त्यामुळे अडॅप्टर पायांजवळ ठेवू नये आणि उन्हाळ्यात कूलरही खुर्चीला खेटून नसावा, जरी नागपूरच्या मे महिन्यात हे कठीण वाटले तरी.

काही पडदे प्रकाश कमी केल्यावर अदृश्यपणे लुकलुकतात व डोकेदुखी वाढवतात. तेव्हा तसा लुकलुकाट नसलेला मॉनिटर निवडावा. महागडी ‘किरणरोधक’ स्टिकरे मात्र घेऊ नका.