चावणं, आपटणं, बांधणं : वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात स्वतःला किंवा इतरांना इजा करणाऱ्या मुलांच्या तपासणीबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. गावं ठेवली, ओळख पटेल असं बाकी सगळं काढून टाकलं.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक). मनगट चावतो, भिंतीवर कपाळ आपटतो. नव्या थेरपिस्टना कारण शोधण्यासाठी त्याला मुद्दाम काम द्यायचं आहे, मग मुद्दाम दुर्लक्ष करून बघायचं आहे. म्हणजे त्या त्याला डोकं आपटायला लावणार ना? मी नाही म्हटलं तर चुकेल का? (एक आई, नाशिक)

हो, त्या वेळात तो डोकं आपटू शकेल. थेरपिस्टनी हे आधी सांगितलं, ही जमेची बाजू धरा. ही पद्धत 1982 मध्ये बाल्टिमोरमधल्या एका संशोधनातून पुढे आली. स्वतःला इजा करणाऱ्या नऊ जणांना चार परिस्थितींत पंधरा-पंधरा मिनिटं ठेवून पाहिलं. एकीत इजा केली की कोणीतरी जवळ येऊन ‘असं नको करू’ म्हणायचं. दुसरीत अभ्यास द्यायचा आणि इजा केली की तो थांबवायचा. तिसरीत एकटं ठेवायचं, चौथीत नुसतं खेळायचं. नऊपैकी सहा जणांत इजा ठरावीक परिस्थितीत सातत्याने जास्त दिसली, पण ती परिस्थिती सगळ्यांची एक नव्हती.

उपयोग इथेच आहे. एक मूल आईनं जवळ यावं म्हणून चावतं, दुसरं समोरची वही जावी म्हणून. दुसऱ्याला शिक्षा म्हणून वर्गाबाहेर काढलं तर त्याला हवं तेच मिळालं. कारण न शोधता केलेला उपचार असा उलटा पडतो, मग ‘हा कशालाच जुमानत नाही’ असा शिक्का बसतो आणि गोळी वाढते. म्हणून थोडा वेळ त्रास देणारी तपासणीसुद्धा मला मान्य होऊ शकते.

पण आधी बालरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य. किडलेली दाढ, ठणकणारा कान, आठवड्याची बद्धकोष्ठता हे बोलता न येणारं मूल आणखी कसं सांगणार? दाढ दुखणाऱ्या मुलावर वर्तनाची तपासणी करत बसणं हा छळ आहे, त्याला दुसरा शब्द नाही. कितव्या फटक्याला किंवा कुठली खूण दिसली की थांबायचं, ही मर्यादा कागदावर हवी. थांबवण्याचा अधिकार तपासणी न करणाऱ्या माणसाकडेही हवा. तुम्हाला बघता आलं पाहिजे, आणि तुम्ही ‘बास’ म्हटलं की बास.

डोक्याला, डोळ्याला सतत जोरात मार बसला तर डोळ्याचा पडदा सुटू शकतो. तेवढा जोर असेल तर पूर्ण तपासणीला माझा विरोध राहील. पुष्कळ मुलं चावण्याआधी हुंकारतात, मुठी आवळतात. त्या खुणेवरच थांबणारी तपासणी करता येते, अगदी छोट्या छोट्या प्रसंगांतूनही करता येते. घरातल्या-शाळेतल्या नोंदींवरूनही अंदाज येतो, पण तो कच्चा. तेव्हा तुम्ही नाही म्हटलंत तर काही चुकत नाही. ‘यापेक्षा कमी त्रासाचा मार्ग दाखवा’ म्हणा.

आणि कारण कळल्यावर पुढे काय करणार, हे विचाराच. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अवघड काम आलं की गोंधळ घालणाऱ्या मुलांना ‘मला समजत नाही’ म्हणायला शिकवलं, लक्ष हवं असणाऱ्यांना ‘मी नीट करतोय का?’ असं विचारायला. कारणाला जुळणारं वाक्य मिळालं तेव्हा गोंधळ कमी झाला, न जुळणाऱ्या वाक्यानं झाला नाही. बोलता येत नसेल तर चित्राचं कार्ड चालतं. तपासणीच्या शेवटी मुलाच्या हाती असं काही येणार नसेल, तर ती कोणासाठी केली?

प्रश्न : सात वर्षांची मुलगी चावते. केंद्रात चावल्यावर जिभेला मिरची लावतात. सकाळी उपाशी पाठवा म्हणजे खाऊसाठी काम करेल, म्हणतात. पालकांना आत सोडत नाहीत. ही अमेरिकेतली पद्धत आहे असं सांगतात. फरक पडलाय, हेही खरं. (एक वडील, कोल्हापूर)

तिला तिथून काढा, याच आठवड्यात.

फरक पडला असेल. भीतीनं तो पडतोच, त्या खोलीत आणि मिरची लावणाऱ्या माणसासमोर. चावण्याऐवजी काय करायचं हे मिरचीनं कळत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 92 नुसार, आपल्या ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्न किंवा पाणी नाकारणं हा गुन्हा आहे. सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. ‘ताब्यातल्या’ म्हटल्यावर घरून उपाशी पाठवणारे पालकही त्यात येऊ शकतात, हे कडू असलं तरी लक्षात घ्या. तक्रार कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे करता येते. पुढचं केंद्र निवडताना तिथल्या थेरपिस्टांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा (RCI) नोंदणी क्रमांक मागा, आणि जिथे पालकांना दार बंद असेल तिथून परत फिरा.

अमेरिकेचं म्हणाल, तर मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटर या दिव्यांगांच्या निवासी शाळेत त्वचेला विजेचे झटके देणारं यंत्र वापरलं गेलं, हे खरं. तिथल्या अन्न व औषध प्रशासनानं 2020 मध्ये अशा वापरावर बंदी घातली. 2021 मध्ये अपील न्यायालयानं प्रशासनाला तसा अधिकारच नाही म्हणून ती रद्द केली, तेव्हा 2022 च्या अखेरीस संसदेनं कायदा बदलून तो अधिकार दिला. वर्तन तपासून त्यावर उपचार करणाऱ्या वर्तन विश्लेषकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनंही त्याच वर्षी झटक्यांविरुद्ध भूमिका घेतली. तुमच्या केंद्रानं अमेरिकेतून नेमकं काय उचललं, ते दिसतंच आहे.

प्रश्न : भाची सोळा वर्षांची, बौद्धिक दिव्यांग. पाळीत स्वतःला मारते, कपडे फाडते. गर्भाशय काढून टाका, असा सल्ला मिळतो आहे. बहीण पार थकली आहे. (एक मावशी, लातूर)

महाराष्ट्रात हे एकदा सरकारी पातळीवर घडून गेलं आहे. 1994 मध्ये शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात ससून रुग्णालयात काढली गेली. पाळीची स्वच्छता त्यांना सांभाळता येत नाही, हे कारण दिलं होतं. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आज 2016 च्या कायद्याचं कलम 10 सांगतं की, दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी प्रक्रिया करता येणार नाही. तिची संमती म्हणजे तिचीच. आईची सही तिथे चालत नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी वैद्यकीय हिशोब बसत नाही. अंडाशयं शाबूत असतील तर संप्रेरकांचं चक्र चालूच राहतं, आणि पाळीआधीची चिडचिडही राहू शकते. मारून घेण्यामागे बहुधा दुखणं असेल. पाळीच्या तारखा लिहून ठेवा, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून वेदनाशामक वेळेवर सुरू करा, पाळी कमी किंवा बंद ठेवणाऱ्या औषधांबद्दलही विचारा. ती थांबवता येतात, शस्त्रक्रिया मागे घेता येत नाही. पॅड बदलणं एकेका पायरीनं शिकवता येतं. ‘उद्या कुणी अत्याचार केला तर?’ ही भीती नातेवाईक बोलून दाखवतात. गर्भाशय काढल्यानं अत्याचार टळत नाही, फक्त उघडकीला येत नाही. बहिणीचा थकवा मात्र खरा आहे. त्या चार दिवसांत तुम्ही तिच्याकडे मुक्कामाला जाऊ शकाल का?

प्रश्न : नातू अकरा वर्षांचा. रिस्पेरिडोन दुधातून देतो, त्याला माहीत नाही. मारणं कमी झालं, वजन खूप वाढलं. किती दिवस द्यायचं? (एक आजी, ठाणे)

औषध खोटं नाही. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 101 स्वमग्न मुलांवरच्या चाचणीत आक्रमकता आणि चिडचिड लक्षणीय कमी झाली होती. पण आठ आठवड्यांत वजनही सरासरी 2.7 किलो वाढलं. ज्यांना औषध नसलेली गोळी दिली होती त्यांचं 0.8 किलो. वजन, कंबर, साखर, चरबी यांच्या नोंदी ठेवल्या जातात का, आणि औषध कमी करून बघण्याची तारीख ठरली आहे का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतः एकदम बंद करू नका.

दुधाचं म्हणाल तर त्याला सांगा. ‘डोकं तापतं ना, त्याचं औषध’ एवढं पुरे. एक दिवस कडू लागलं आणि त्यानं दूधच सोडलं, तर काय कराल?

प्रश्न : आम्ही दोघी शिक्षिका, मुलं अठरा. एका मुलाला जेवणाच्या वेळी ओढणीनं खुर्चीला बांधतो, त्याच्याच सुरक्षेसाठी, गाडीत पट्टा लावतात तसं. (एक विशेष शिक्षिका, सांगली)

गाडीतला पट्टा सगळ्यांना असतो, ओढणी त्याला एकट्याला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 शाळांना लागू नाही, पण त्यातलं कलम 97 वाचा. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा उपायच नसेल तरच जखडता येतं, शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. रुग्णालयाला जे चालत नाही ते शाळेला कसं चालेल? तो उठून कुठे जातो, हे आधी बघा. आवाजापासून पळत असेल तर त्याला दहा मिनिटं आधी जेवायला बसवा. तोवर कधी बांधलं, किती मिनिटं आणि त्याआधी काय घडलं, हे रोज वहीत लिहा. महिन्यानं ती वही मुख्याध्यापकांपुढे ठेवून मदतनीस मागा.