बुगडी नक्की कोणाची? जुन्या सिनेमाच्या वेड्यांचे प्रश्न

मंडळी, मागच्या अंकात शेवटी सहज एक ओळ टाकली होती, जुन्या सिनेमाबद्दल काही अडलं असेल तर विचारा म्हणून, आणि तुम्ही लोकांनी अक्षरशः पाऊस पाडला. संपादकांनी दिलीत दोन पानं, त्याच्यावर एक ओळ नाही म्हणालेत, त्यामुळे आज पाचच पत्रं घेतोय. बाकीची जपून ठेवलीयत, रागवू नका.

काका नमस्कार, घरात भांडण लागलंय. ‘बुगडी माझी सांडली गं’ वर पडद्यावर नाचलंय कोण? मी म्हणतो हंसा वाडकर, बायको म्हणते जयश्री गडकर. हरेल त्याने महिनाभर सकाळचा चहा करायचा असं ठरलंय. — एक नवरा, सातारा

लागा चहाला. वहिनी बरोबर आहेत, जयश्रीबाईच आहेत त्या. आवाज आशाबाईंचा, चाल वसंत पवारांची, शब्द गदिमांचे.

पण तुम्हाला दोष देत नाही कारण मी स्वतः कितीतरी वर्षं छातीठोकपणे हंसाबाईंचं नाव सांगत फिरायचो. हे गाणं ज्यातलं तो ‘सांगत्ये ऐका’ १९५९ चा, अनंत माने यांचा, पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला म्हणजे हिशोब करा, अडीच वर्षं झाली. मी काही तेव्हा बघितला नाही, नंतर कधीतरी मॅटिनीला लागला होता तेव्हा आत्या घेऊन गेली होती, आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की सिनेमा हंसा वाडकरांचा तर गाणं पण त्यांचंच असणार. मधे पुतण्याच्या कॉम्प्युटरवर परत पाहिला आणि गाणं सुरू झालं तसा गप्प बसलो. पुतण्या विचारतोय काका काय झालं, म्हटलं काही नाही, चाळीस वर्षं खोटं बोललो एवढंच. आपली आठवण अशीच असते, मोठं नाव दिसलं की सगळं त्याच्या खात्यावर टाकून मोकळी.

हंसाबाईंनी पुढे आत्मचरित्र लिहिलं त्याला नाव ‘सांगत्ये ऐका’ हेच दिलं, आणि त्याच्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ मधे ‘भूमिका’ काढला. चहा करता करता वहिनींना हे सांगा, थोडी तरी इज्जत वाचेल.

आमच्या भजनी मंडळात ‘आधी बीज एकले’ नेहमी म्हणतात. आमचा एक नवीन मुलगा गाथा घेऊन बसला आणि म्हणतो हा अभंग यात नाहीच. सगळे त्याच्यावर ओरडले. मी लहानपणी ‘संत तुकाराम’ सिनेमात हा अभंग स्वतः ऐकलाय. गाथेच्या कुठल्या आवृत्तीत मिळेल? — एक टाळकरी आजोबा, पुणे जिल्हा

आजोबा, त्या पोराला बोलवून एक पेढा द्या. कुठल्याच आवृत्तीत मिळणार नाही कारण तो तुकोबांचा नाहीच, तो शांताराम आठवल्यांचा आहे. प्रभात फिल्म कंपनीत ते गाणी लिहायचे, १९३६ साली ‘संत तुकाराम’ साठी त्यांनी हा लिहिला आणि केशवराव भोळ्यांनी चाल दिली. तो इतका बेमालूम उतरला की भल्याभल्यांनी गाथेत शोधला असं सांगतात, तेव्हा तुमच्या मंडळाने लाजायचं काही कारण नाही.

आता यातली गंमत बघा. सिनेमात सालोमालो आठवतो ना, तुकोबांची कवनं स्वतःच्या नावावर खपवणारा? तो सिनेमातला खलनायक. आणि त्याच सिनेमाने बरोबर उलटं करून दाखवलं, आपलं कवन तुकोबांच्या नावावर खपवलं आणि अख्ख्या महाराष्ट्राने ते नव्वद वर्षं टाळ कुटत गायलं! आठवल्यांना याचा आनंद झाला असेल की वाईट वाटलं असेल हे मला बरेच वेळा वाटून गेलंय. लिहिणाऱ्याचं नाव पुसलं जाणं ही शिक्षा पण आणि बक्षीस पण, काय समजायचं ते समजा.

आणि आता विषय निघालाच आहे तर, आजोबा, सिनेमा परत एकदा बघा. लहानपणी बघितलेला म्हणजे तुम्हाला वैकुंठगमन आठवत असणार, गरुड, ढग, सगळे हात जोडून बसलेले. पण या वेळी तुकोबांच्या बायकोकडे, जिजाईकडे बघा. ती गौरी नावाची नटी आहे, आणि तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस इतके तल्लीन होऊन गातायत तरी माझी नजर तिच्यावरच जाते. पोर तापाने फणफणलेलं, घरात दाणा नाही, आणि ही बाई पायताण हातात घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात घुसते. दामले-फत्तेलाल जोडीने भक्तीचा सिनेमा काढला खरा पण चूल कशी पेटते हा प्रश्न एक मिनिट सुद्धा नजरेआड होऊ दिला नाही, आणि १९३७ मधे व्हेनिसच्या फेस्टिवलमधे त्याचं जे कौतुक झालं ते काही नुसत्या गरुडासाठी झालं नसणार असं आपलं माझं मत.

भजनात म्हणणं मात्र बंद करू नका हं. फक्त शेवटी आठवल्यांचं नाव घ्या.

माझी मुलगी १३ वर्षांची आहे. मला ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमे जीव की प्राण, पण तिला बसवलं की दहा मिनिटात फोन हातात. ‘श्यामची आई’ लावला तर म्हणाली, आई, हे सगळे सारखे रडतात का? काय करू? — सिनेमावेडी आई, ठाणे

ताई, प्रॉब्लेम मुलीत नाही, तुमच्या यादीत आहे. ‘श्यामची आई’ ला पहिलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालंय, अत्रेंचा आहे, वनमालाबाई त्यात अप्रतिम आहेत, सगळं मान्य. पण तेरा वर्षांच्या पोरीला आई आणि मुलाचा सिनेमा आईने शेजारी बसून दाखवायचा म्हणजे तिला वाटणार हे माझ्यासाठीच लावलंय, यातून मला काहीतरी शिकायचंय. पळणारच ती.

आधी हसवा. राजा परांजपे यांचा ‘लाखाची गोष्ट’ लावा, १९५२ चा. लाख रुपये खर्च करून दाखवायची भानगड आहे, राजा गोसावी आहे, आणि पैसे उडवणं किती अवघड असतं हे आजच्या ऑनलाइन शॉपिंगवाल्या पोरांना जास्तच मजेशीर वाटतं, मी प्रयोग करून बघितलाय. मालती पांडेंचं ‘त्या तिथे पलीकडे’ त्यातलंच, ते लागलं की मात्र तुम्ही सोबत गायला जाऊ नका, प्लीज.

मग थेट १९३७ चा ‘कुंकू’. घाबरू नका, जुना म्हणून अवघड असं काही नसतं. नीरा नावाची मुलगी, मामाने फसवून म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावलंय आणि ती सरळ सांगते की मी हे लग्न मानत नाही. संपलं. हे शांता आपट्यांनी ज्या नजरेने म्हटलंय ना, ती नजर तुमच्या मुलीला लगेच कळेल, तुम्ही समजावून द्यायची गरज नाही. फक्त सुरू करायच्या आधी एवढंच सांगा की या सिनेमात पार्श्वसंगीत नाहीये, कान देऊन ऐक. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे आपले शांतारामबापू, यांनी सगळा सिनेमा घरातल्या, रस्त्यावरच्या आवाजांवर पेललाय. घड्याळाची टिकटिक, पावलं, ग्रामोफोन. रिल्सच्या ढणढणाटात वाढलेल्या पोरांना ही शांतता आधी खटकते आणि मग एकदम भिडते, माझ्या भाचीने तर मधेच टीव्हीचा आवाज वाढवला, तिला वाटलं काहीतरी बिघडलंय. आणि नीरा त्यात चक्क लाँगफेलोची इंग्लिश कविता गाते, ते ऐकून पोरं उडतातच.

जाता जाता, त्यात म्हाताऱ्याची सुधारक मुलगी झाल्यात त्या शकुंतला परांजपे, गणितज्ञ रँग्लर परांजपेंची मुलगी आणि दिग्दर्शिका सई परांजपेंची आई. संततिनियमनाचं काम पडद्याबाहेर खरोखर करत होत्या त्या, नुसता रोल नव्हता.

एक शेवटचं, आणि हे सगळ्या सिनेमावेड्यांना आहे, मला धरून. सिनेमा चालू असताना “आता बघ हं, आता बघ” असं म्हणायचं नाही. दर दोन मिनिटांनी मुलीच्या तोंडाकडे बघायचं नाही ती हसली का म्हणून. निम्मी पोरं जुन्या सिनेमाला नाही, आपल्या या टेहळणीला कंटाळतात.

आम्ही सोसायटीत सिनियर लोकांनी मिळून महिन्यातून एक जुना सिनेमा असं सुरू केलंय. क्लबहाउसला मोठा टीव्ही आहे ५५ इंची. पण सगळे नट जाडे दिसतात आणि कसं काय कोण जाणे सगळं सिरियलसारखं वाटतं. प्रिंट खराब असते का? — सेक्रेटरी, कोथरूड

प्रिंट बिचारी बरी असेल, टीव्हीचं सेटिंग बघा आधी. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत सिनेमाची चौकट जवळपास चौकोनी असायची, आपल्या जुन्या टीव्हीसारखी. आताचा टीव्ही आडवा, तो ते चित्र दोन्हीकडून ताणून कडेपर्यंत भरतो आणि मग दुर्गाबाई खोटे पण जाड दिसतात. रिमोटवर पिक्चर साइज असं काहीतरी असतं, तिथे ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, कोणीतरी नक्की म्हणेल की अहो एवढा मोठा टीव्ही घेतला आणि अर्धा वापरता, त्यांना म्हणा बसा गुमान. झूम तर मुळीच करू नका, त्यात डोकी आणि पाय कापले जातात.

सिरियलसारखं दिसतं ते दुसरं भूत. टीव्ही मधल्यामधे स्वतःच्या मनाने जास्तीच्या फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करतो. मोशन नावाचं जे काही सेटिंग असेल ते ऑफ करा. आणि कधी फाळक्यांचा एखादा मूकपट लावलात आणि माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर तेव्हा लोक असे चालायचे नाहीत हो, कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते १८ फ्रेम, आणि आपण त्या २४ च्या वेगाने लावतो. प्लेअरमधे स्पीड कमी करून बघा, १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ मधे फाळक्यांची छोटी मंदाकिनी कृष्ण झालीय, ती नीट वेगात बघितली की काय गोड पोरगी होती हे कळतं.

माझे आजोबा कोल्हापूरचे. ते नेहमी ‘सावकारी पाश’ ची गोष्ट सांगायचे, शेतकऱ्याची जमीन सावकार घेतो, तो शहरात गिरणीत जातो, त्यात व्ही. शांताराम शेतकरी झालेत वगैरे. आजोबा गेले. मला तो सिनेमा एकदा बघायचाय, कुठे मिळेल? त्यांच्या ट्रंकेत सिनेमाच्या गाण्यांची जुनी पुस्तकं पण निघालीत, वीस-पंचवीस असतील, बऱ्याचशा प्रभातच्या. त्यांचं काय करू? — नातू, सध्या मुक्काम बंगळुरू

पहिल्याचं उत्तर वाईट आहे. बाबूराव पेंटरांचा तो मूकपट १९२५ चा, त्याची प्रिंट आज कुठेच नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची असायची, ती एकतर जळायची, पाण्याखाली सुद्धा जळते ती, नाहीतर डब्यात पडल्या पडल्या कुजून तिची भुकटी व्हायची. फिल्म अर्काइव्ह पुण्यात सुरू झालं १९६४ मधे, पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे हाताला लागेल ते वाचवलं पण तोवर आपले बहुतेक मूकपट गेलेलेच होते.

पेंटरांनी १९३६ ला तीच गोष्ट बोलपटात परत केली, पण शांताराम होते पहिल्यात, म्हणजे तुमच्या आजोबांनी मूकपटच पाहिला असणार किंवा दोन्ही पाहून डोक्यात एक केले असणार. तसं होतंच. सिनेमावाले जे. बी. एच. वाडियांनी पण या मूकपटाची आठवण सांगितलीय, उदास, अंधारी झोपडी आणि बाहेर भेसूर रडणारं कुत्रं. आता सांगा, मूकपटात कुत्र्याचं रडणं ऐकलं कोणी? चित्र असं घेतलं होतं की बघणाऱ्याला आवाज आला आणि तो आयुष्यभर कानात राहिला. सिनेमा गेला, ते कुत्रं अजून रडतंय. बुगडीच्या बाबतीत आठवणीला नावं ठेवली मघाशी, इथे तिच्याशिवाय आपल्याकडे दुसरं काही नाहीये. तेव्हा आजोबांनी सांगितलेली गोष्ट जशी आठवते तशी लिहून काढा, चुकांसकट.

पुस्तकांचं मात्र नीट ऐका. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर अजिबात नको, फाटलेलं फाटलेलं राहू द्या. पिना गंजल्या असतील तर हलक्या हाताने काढा, गंज कागद खातो. आडवी ठेवा, एकावर एक फार नकोत, ट्रंकेतून बाहेर काढा, प्रत्येक पानाचा साधा फोटो उजेडात काढून ठेवा आणि अर्काइव्हला विचारा, ते अशी पुस्तकं, पोस्टरं घेतात. या चोपड्यांत गाण्यांबरोबर नटांची, तंत्रज्ञांची नावं असतात आणि गोष्टीचा सारांश असतो, तो ऐन रंगात आला की तोडून पुढचं पडद्यावर पाहा असं म्हणायची पद्धत होती. ज्याचा पडदाच राहिला नाही अशा एखाद्या सिनेमाची निम्मी गोष्ट तुमच्या ट्रंकेत असू शकते. आणि पाठीमागे पेन्सिलने काही लिहिलेलं असेल, तारीख, थिएटरचं नाव, सोबत कोण होतं, तर ते घाण समजून खोडरबर फिरवू नका. त्याचा फोटो आधी काढा आणि मला पाठवा.